सुईणीचे शिक्षण : वहीतले आणि हातातले

राजपुत्र कोणत्या घटकेस जन्मला हे बखरींत सापडते. त्याला झेलणारे हात कोणाचे होते हे मात्र सापडत नाही. सुईणीचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही. तेव्हा, श्रोतेहो, तिच्या शिक्षणाचा प्रश्न आम्ही आज इतिहासाच्या अंगाने मांडणार आहोत.

आमच्या झाडीपट्टीतील जुनी दाई आईच्या किंवा सासूच्या मागे उभी राहून शिकली. कळा खऱ्या की खोट्या, मूल आडवे की सरळ, हे तिच्या बोटांना कळे. परंतु न दिसणाऱ्या जंतूंची तिला कल्पना नव्हती, आणि नाळ कापण्याच्या हत्यारापायी किती बाळे धनुर्वाताने गेली याची गणतीच नाही. तिचा हात शिकलेला होता, ज्ञान अपुरे होते.

पण केवळ पुस्तकी ज्ञानानेही भागत नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४० पासून प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात शेकडा सुमारे १० बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात ४ च्या आसपास. शवविच्छेदन करून तेच हात विद्यार्थी प्रसूतिकक्षात आणतात, हे सेमेलवाइसने ओळखले आणि १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. मृत्यू झपाट्याने घटले. शिकणाऱ्याच्या हातावर देखरेख ठेवणे हा केवळ शाळेचा प्रश्न नसून बाळंतिणीच्या जिवाचा प्रश्न आहे, हा त्यातला धडा होय.

हिंदुस्थानात १८८५ च्या डफरिन फंडाने स्त्रियांच्या इस्पितळांना चालना मिळाली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारला. तरीही १९४६ च्या भोर समितीला देशात जेमतेम ५,००० सुइणी आढळल्या. म्हणजे ६०,००० लोकांमागे एक! १९४७ मध्ये परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि पुढे ए. एन. एम. ही नवी सुईण दोन वर्षांच्या शिक्षणाने तयार होऊ लागली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिच्यावर नाना कामांचा बोजा आला. १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम मात्र अठरा महिन्यांवर आणला गेला. कामे वाढली आणि शिकण्याचे दिवस घटले! पी हळद नि हो गोरी, अशातलाच हा प्रकार नव्हे काय? पुढे दोन वर्षे परत आली, हे खरे.

विलायतेत १९०२ च्या कायद्यानंतर विद्यार्थिनीला २० प्रसूतींचा अनुभव सक्तीचा झाला. आपल्या अभ्यासक्रमांतही हा वीसचा आकडा भेटतो. नियम योग्यच, पण नियमाची वही होते, आणि वही भरणे हेच शिक्षण ठरू लागते. गर्दीच्या कक्षात विद्यार्थिनी भिंतीशी उभी राहते किंवा बादल्या उचलते. कामाने पिचलेल्या सिस्टरलाही दोष कसा द्यावा? शिकविणे हे तिच्या कामाच्या तासांत धरलेलेच नसते.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर घरची बाळंतपणे दवाखान्यांकडे वळली. २०१६ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन बाई गंगाबाई महिला रुग्णालय त्यास जोडले गेले. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु जेथे महाविद्यालय येते तेथे एकाच खाटेभोवती शिकणारे वाढतात, आणि भावी डॉक्टरांच्या मागे भावी सुईण झाकली जाण्याचा धोका असतो. उद्या सालेकसा किंवा देवरीकडील उपकेंद्रात, नाल्याला पूर आलेल्या रात्री, हीच मुलगी एकटी असेल. रक्तस्राव थांबेना, तेव्हा वही उघडून उपयोग नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. एका विद्यार्थिनीमागे एक जाणती सिस्टर नेमावी आणि तिला त्यासाठी वेळ द्यावा. पहिल्या कळेपासून बाळ अंगावर पिईपर्यंत विद्यार्थिनीने एकाच बाईजवळ राहावे. अर्थात त्या बाईला विचारूनच. बाळंतीण ही गिरवायची पाटी नव्हे. आणि दिवसाअखेर ‘किती झाल्या?’ असे न विचारता ‘आज काय पाहिलेस, कुठे चुकलीस?’ असे विचारावे.

जुन्या दाईपाशी सोबतीने शिकण्याची रीत होती, नव्या शाळेपाशी शास्त्र आहे. त्या दोहोंची गाठ बाळंतिणीच्या खाटेपाशीच पडली पाहिजे.