मुहूर्ताच्या सौद्यांचे कूळ

दिवाळीच्या सुट्टीतही लक्ष्मीपूजनाला मुंबई शेअर बाजार तासभर उघडतो. शकुनाचे चार शेअर घ्यायचे आणि नव्या संवताची सुरुवात करायची. बाजारात हा मुहूर्त १९५७ पासून पाळला जातो, पण त्याचे कूळ दलाल स्ट्रीटवर सापडत नाही. त्याची एक शाखा पेढ्यांवरच्या चोपडापूजनात आहे, दुसरी थेट काशीत.

पेढ्यांकडून बाजाराने वर्ष घेतले. गुजरातेत विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. म्हणून त्याआधी जुन्या वह्या मिटायच्या, नव्यांची पूजा करायची. काशीत हाच संवत चैत्रात बदलतो आणि महिना पौर्णिमेला संपतो. आपली आश्विन अमावास्या तिथे कार्तिक अमावास्या असते. लक्ष्मी तिथेही पूजली जाते, संवताचा आकडा मात्र तोच राहतो.

काशीकडून आला तो तिथीचा निर्णय, आणि तो देणारे घराणे मूळचे पैठणचे. काशीत स्थायिक झालेल्या या भट्ट घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची गती सारखी नसल्याने ती कधी वीसएक तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासही रेंगाळते. मग सण कोणत्या दिवशी करायचा, हे शास्त्रार्थाने ठरवावे लागते. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर, अमावास्या हवी. ती लागोपाठ दोन संध्याकाळी आली की वादाला तोंड फुटते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’त असे निर्णय सुटसुटीत मांडले. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते आजही त्याचा आधार घेतात.

२०२४ मध्ये हाच पेच पडला. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. काशीच्या विद्वानांनी ३१ तारीख धरली, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ तारीख. बाजाराने १ तारखेला संध्याकाळी सहा ते सात या वेळेत सौदे केले, म्हणजे तासातला बराचसा वेळ प्रतिपदेत गेला. २०२५ मध्ये काशीची दिवाळी २० ऑक्टोबरला झाली. बाजाराचा मुहूर्त २१ ला होता, तोही दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. अमावास्या होती, प्रदोष नव्हता.

चंद्रकलांचा भावांशी संबंध लावण्याचा प्रयत्न अर्थशास्त्रज्ञांनीही केला आहे. युआन, झेंग आणि झू यांनी २००६ च्या निबंधात ४८ देशांचे बाजार तपासले. पौर्णिमेच्या आसपासचा परतावा अमावास्येच्या आसपासच्या परताव्यापेक्षा वार्षिक हिशेबाने तीन ते पाच टक्क्यांनी कमी निघाला. एरवी अमावास्येला नवे काम टाळणाऱ्या घरांना हे उफराटेच वाटेल.

मात्र या आकड्यांचा आधार मुहूर्ताला देता येत नाही. निबंधातली अमावास्या आकाशातली आहे. बाजाराची अमावास्या ग्रंथ, पंचांग आणि सुट्ट्यांची यादी यांच्यातून गाळून येते, आणि वेळ तर बाजारच ठरवतो. शिवाय त्या तासाला माणसे शकुनासाठी घेतात, शकुनासाठी विकत कोणी नाही. भाव चढले तर चंद्राला श्रेय देण्याआधी एवढे कारण पुरेसे आहे.