केईएमची मुळी

गेल्या वर्षी बाबा इथे सिंगापूरला आले, ते पायांवर सूज घेऊनच. वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या रक्तदाबाने हृदय थकले, असे निदान झाले. मी संगणकवाला; औषधांचा इतिहास चाळत बसलो.

थकलेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस होते. विल्यम विदरिंगने १७८५ मध्येच त्यावर पुस्तक लिहिले होते. पण हृदयाला थकवणारा रक्तदाब? १९४० च्या दशकातही तो मोजता येई, गोळीने उतरवणे मात्र कठीण. वैद्यांच्या सर्पगंधेबद्दल गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले, पण परदेशात कोणी फारसे लक्ष दिले नाही. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. मग जग जागे झाले! १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे सुस्ती, नैराश्य अशा तक्रारींमुळे आणि नवी औषधे आल्याने रेसर्पिन मागे पडले.

हे सारे बाबांना सांगितले. गोळ्यांची डबी मिटत ते म्हणाले, "अरे, वीस वर्षं परळला राहिलो, कोणी बोललं नाही कधी!"