मुंबईची फियाट व तिचे निष्ठावंत

दोन पिढ्या आमच्या घरीं एकाच कंपनीची मोटारगाडी चालली, दुसरीकडे आम्ही कधीं वळूनही पाहिलें नाहीं, असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ मुंबईंत आजही भेटतात. आणि ती गाडी बहुधा फियाट असते. या अभिमानास निष्ठा म्हणावें कीं नाइलाज, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला, आणि १९६४ सालीं जी '११०० डिलाइट' निघाली तिनें मुंबईचे रस्ते व्यापले. तत्पूर्वीं, १९५४ च्या सुमारास, ज्यांना येथें गाडी बनवावयाची नसून केवळ जुळवावयाची होती अशा परदेशी कंपन्यांस सरकारी धोरणामुळें निघून जावें लागलें होतें. शिवडीस १९२८ पासून चाललेलें जनरल मोटर्सचें काम तेव्हांच मिटलें. मागें उरल्या तीन गाड्या: कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर व मद्रासची स्टँडर्ड. नांव नोंदवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. नंबर लागलेल्यानें मिळालेली गाडी लागलीच विकली तरी चार पैसे सुटावेत, अशी ती परिस्थिति! जेथें निवडीलाच जागा नाहीं तेथें निष्ठेची परीक्षा कशी व्हावी?

ती परीक्षा १९८३ च्या डिसेंबरांत आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या साह्यानें गुरगांवास तयार झालेली मारुति ८०० हलकी होती, पेट्रोल बेतानें पीत असे, आणि किल्ली फिरवितांच सुरू होई. फियाटचे कालपर्यंतचे भक्त तिकडे किती त्वरेनें वळले, हें त्या काळीं गाडी घेतलेल्या कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबास विचारावें.

टॅक्सीवाला मात्र ढळला नाहीं, आणि या इतिहासाचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. फियाट बंद पडत नसे असें नव्हे. परंतु बंद पडलेली फियाट सुरू करणारा मिस्त्री गल्लोगल्लीं होता. सुटे भाग जुन्या बाजारांतही स्वस्तांत मिळत. पुढें गॅसवर चालण्याची पाळी आली तेव्हां तेंही तिला साधलें. गाडी एक दिवस उभी राहिली कीं ज्याची त्या दिवसाची कमाई बुडते, त्याच्या लेखीं विश्वासू गाडी म्हणजे बिघडली तरी संध्याकाळपर्यंत पुनः धंद्यास लागणारी गाडी. घरच्या मोटारीच्या मालकास हा हिशेब कधीं करावाच लागला नाहीं. ही निष्ठा कंपनीच्या कारभाऱ्यांवर नव्हती हेंही उघड आहे; कारण १९७४ च्या सुमारास त्यांनीं गाडीस चितोडच्या राणीचें 'पद्मिनी' हें भारदस्त नांव दिलें, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले.

शतक पालटतांना पद्मिनी बनविणें थांबलें. टॅक्सी चालतच राहिली. २०१३ सालीं टॅक्सीच्या वयास वीस वर्षांची मर्यादा पडली व तिचे दिवस मोजले जाऊं लागले. ताडदेवच्या कचेरींत २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हां निदान एक तरी गाडी जतन करून ठेवावी, अशी सरकारकडे मागणी केली ती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनें.