थांबणे आणि खबर देणे : रायगड किनाऱ्यावरील जलअपघात आणि नौकाचालकाची कर्तव्ये

पाण्यावर अपघात झाल्यानंतर नौका चालवणाऱ्याने काय करावे, याविषयीचा आजचा कायदा मुख्यतः दोन कर्तव्यांवर उभा आहे. पहिले कर्तव्य थांबण्याचे, म्हणजे बुडणाऱ्यांना सोडून न जाता त्यांना वर काढण्याचे; दुसरे खबर देण्याचे, म्हणजे काय घडले आणि कोठे घडले हे विलंब न लावता सरकारदरबारी कळवण्याचे. उरण-करंजापासून रेवस-मांडव्यापर्यंत आणि पुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या रायगड किनाऱ्याचा इतिहास पाहिला, तर यांतले पहिले कर्तव्य येथील दर्यावर्दी कोणत्याही कलमाची वाट न पाहता पाळत आले, आणि दुसरे मात्र कागदावर उतरूनही पाळण्याचे साधनच नौकेवर नव्हते, असे दिसते.

जुन्या काळी फुटलेल्या जहाजाविषयीचा नियम माणसांपेक्षा मालाभोवती अधिक फिरत असे. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याने मांडलेल्या तहाच्या कलमांत, वादळाने किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची जहाजे व त्यांतील माल परत मिळावा, अशीही मागणी होती. तीस शिवाजी महाराजांनी हरकत घेतली. किनाऱ्यास लागलेले जहाज परत न करण्याचा कोकणचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच व इतर व्यापारीही तीच मागतील, असे त्या हरकतीमागचे कारण होते. किनारा ज्याचा, त्यावर आलेल्या वस्तूंवर हक्कही त्याचाच, ही त्या काळची समजूत होती. नौका चालवणाऱ्यावर अपघातानंतर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न त्या वाटाघाटीत कोणाच्याही पुढे नव्हता.

तो प्रश्न आगबोटींच्या काळात पुढे आला, कारण यंत्रावर चालणारी बोट दुसऱ्या नौकेला धडकून, तिच्यावरील माणसांना पाण्यात सोडून, आपल्या बळावर निघून जाऊ शकत असे. जानेवारी १८७३ मध्ये इंग्लंडच्या डंजनेस टोकाजवळ नांगरून पडलेल्या ‘नॉर्थफ्लीट’ या जहाजाला एका स्पॅनिश आगबोटीने अशीच धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. जवळजवळ तीनशे माणसे बुडाली. त्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्यात, टक्कर झालेल्या नौकेच्या कप्तानाने दुसऱ्या नौकेजवळ थांबावे, शक्य ती मदत करावी आणि आपल्या नौकेचे नाव व बंदर सांगावे, हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत घातले गेले. हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेने बेफिकिरीने नौका हाकारणे आणि धोकादायक किंवा अतिभारित नौकेतून भाडे घेऊन माणसे नेणे हे गुन्हे ठरवले होते. दुसऱ्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. पुढे अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी १९१७ चा आणि समुद्रावरील व्यापारी नौवहनासाठी १९२३ चा कायदा आला. १९१७ च्या कायद्याने कप्तानावर असे बंधन घातले की नौका फुटली, सोडून द्यावी लागली, तिचे मोठे नुकसान झाले किंवा तिच्यावरील अपघातात जीव गेला, तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास ताबडतोब खबर द्यावी. ‘ताबडतोब’ हा शब्द लिहिणे सोपे होते, परंतु बुडत्या आगबोटीवरून पोलीस ठाणे गाठायचे कसे, याचे उत्तर त्या कलमात नव्हते.

त्या उणिवेची किंमत १७ जुलै १९४७ रोजी मोजावी लागली. आषाढी अमावास्येचा, म्हणजे गटारीचा तो दिवस होता आणि सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेली ‘रामदास’ ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. इंडियन कोऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट १९३६ मध्ये इंग्लंडात बांधलेली होती. शेफर्ड कंपनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परकीय कंपनीशी स्पर्धा करणारी ही देशी कंपनी कोकणी माणसाला आपली वाटे आणि ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने ती बोलली जाई. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या होत्या, तेव्हा इशारा मिळालाच नव्हता असे म्हणता येत नाही. बंदराबाहेर पडल्यावर गल बेटाजवळ, म्हणजे काशाच्या खडकाजवळ, पावसाळी वाऱ्यात एका प्रचंड लाटेने ‘रामदास’ एका अंगाला कलली, घाबरलेले प्रवासी एकाच बाजूला धावले आणि बोट उलटून काही मिनिटांत तळाशी गेली. सहाशेहून अधिक माणसे मेली.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे मुंबई बंदरापासून काही मैलांवर शेकडो माणसे बुडत असताना बंदरात त्याचा पत्ता नव्हता, आणि पाण्यातून वाचलेले लोक प्रत्यक्ष किनाऱ्यास लागल्यावर, कित्येक तासांनी, शहराला बातमी कळली. त्या तासांत तेथे जी मदत पोहोचली, ती रेवसच्या बाजूच्या कोळ्यांची होती. मासळी घेऊन मुंबईच्या बाजारास निघालेल्या या होड्यांनी मार्ग बदलला. विक्रीची मासळी समुद्रात फेकून तेवढी जागा त्यांनी बुडणाऱ्यांसाठी मोकळी केली, अशी आठवण या किनाऱ्यावर सांगितली जाते, आणि सुमारे पंचाहत्तर जणांचे प्राण त्यांनी वाचवले. दिवसाची कमाई, खवळलेला दर्या आणि स्वतःचा जीव या तिन्हींचा विचार बाजूला ठेवून तांडेलाने, म्हणजे होडीच्या मुख्य नाविकाने, सुकाणू वळवले, ही गोष्ट कोणत्याही कायद्याच्या अंमलबजावणीपेक्षा मोठी आहे. या दुर्घटनेनंतर प्रवासी आगबोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे झाले आणि पावसाळ्यातील प्रवासी वाहतुकीवर बंधने आली.

स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने ही कर्तव्ये सविस्तर मांडली. कलम ३४५ प्रमाणे टक्कर झाल्यावर दोन्ही नौकांच्या कप्तानांनी, आपली नौका व माणसे धोक्यात न घालता शक्य असेल तोवर, परस्परांजवळ थांबून मदत करावयाची आणि नौकेचे नाव व बंदर सांगावयाचे. त्यापुढील कलमाने ही टक्कर अधिकृत नोंदवहीत लिहावयाची. कलम ३५५ ने संकटाचा संदेश मिळालेल्या प्रत्येक कप्तानावर मदतीस धावण्याचे बंधन आले, म्हणजे रेवसच्या कोळ्यांनी जे केले होते, ते आता मोठ्या जहाजांच्या कप्तानांना कायद्याने करावे लागणार होते. अंतर्देशीय जलयानांसाठीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा कायदा आला, त्यात पोलीस ठाण्याबरोबर राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्यासही खबर देणे आवश्यक झाले आणि चौकशी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपवता येऊ लागली. १९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा नौवहन कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला.

दरम्यान १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून उरण तालुक्यातील घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. या वेळी खबर तासांनी नव्हे, मिनिटांनी पोहोचली. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, जवाहरलाल नेहरू बंदराची पायलट बोट आणि आसपासच्या नौका धावून आल्या, आणि बहुसंख्य प्रवासी वाचले. परंतु नौकेचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढ्यांचाच होता, प्रत्यक्षात तिच्यावर त्याहून अधिक माणसे होती, आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. १८६० च्या दंडसंहितेत नावानिशी सांगितलेला अतिभाराचा दोष एकशे चौसष्ट वर्षांनंतरही त्याच पाण्यात शिल्लक होता.

म्हणून अपघातानंतरच्या कर्तव्यांचा विचार धक्क्यावरच सुरू व्हायला हवा. खबर देणाऱ्याला नौकेवर किती आणि कोण माणसे होती हे सांगता येत नसेल, तर शोध घेणाऱ्यांना कोणासाठी थांबावे आणि केव्हा परतावे, हे ठरवता येत नाही. प्रवाशांची नावानिशी यादी नौका सुटण्यापूर्वी धक्क्यावर ठेवणे ही मालकाची, केवळ तांडेलाची नव्हे, सक्तीची जबाबदारी झाली पाहिजे. ‘रामदास’वर त्या सकाळी नेमके किती लोक मेले, याचे आकडे आजही वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळे आढळतात.