नोट्स ॲपचं नवं व्हर्जन तुमच्याआधी कोण तपासतं? जॉप्लिनची 'प्री-रिलीज' समजून घ्या

'अपडेट उपलब्ध आहे' असं दिसलं की आपण फारसा विचार न करता बटण दाबतो. गेमचं ठीक आहे, बिघडला तर काढून टाकला. नोट्सच्या ॲपचं तसं नाही. त्यात आईच्या औषधांच्या वेळा असतात, भाड्याचा हिशेब असतो, कुणाच्या प्रबंधाची दोन वर्षांची टिपणं असतात. मी पूर्वी वापरत असलेल्या एका ॲपमध्ये (जॉप्लिन नव्हे) अपडेटनंतर एका मुलाखतीच्या नोट्स रिकाम्या झाल्या होत्या. शीर्षकं जागेवर, आत काहीच नाही. रेकॉर्डिंग होतं म्हणून निभावलं.

असं होऊ नये म्हणून नवं व्हर्जन सगळ्यांपर्यंत जाण्याआधी कुणीतरी ते वापरून पाहावं लागतं. ओपन सोर्स ॲपमध्ये हे 'कुणीतरी' बऱ्याचदा तुमच्या-माझ्यासारखे वापरकर्तेच असतात.

जॉप्लिन म्हणजे काय?

जॉप्लिन हे नोट्स लिहिण्याचं मोफत, ओपन सोर्स ॲप आहे. लॉरां कोझिक या डेव्हलपरने ते सुरू केलं आणि रॅगटाइम संगीतकार स्कॉट जॉप्लिन यांच्यावरून त्याला नाव दिलं. ते विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोनवर चालतं. नोट्स मार्कडाउनमध्ये लिहिल्या जातात आणि तुमच्याच उपकरणावरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतात. सिंकसाठी ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड, जॉप्लिन क्लाउड किंवा साधं एखादं फोल्डरही चालतं.

प्री-रिलीज कुठे मिळते?

पक्कं व्हर्जन जाहीर होण्याआधी त्याच्या कच्च्या आवृत्त्या गिटहबवर येतात. त्यांना प्री-रिलीज म्हणतात. डेस्कटॉप ॲपच्या सेटिंग्जमध्ये अपडेट तपासताना प्री-रिलीजही मिळवण्याचा पर्याय आहे. पण तो लगेच सुरू करू नका.

कारण असं, की नवं व्हर्जन पहिल्यांदा उघडलं की गरज असेल तर ते डेटाबेसची रचना बदलतं. हा बदल एकाच दिशेने होतो. पटलं नाही म्हणून जुनं व्हर्जन पुन्हा टाकलं, तर ते हा बदललेला डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही.

म्हणून आधी बॅकअप. सगळ्या नोट्स जेईएक्स फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. वह्या, टॅग आणि जोडलेल्या फाइल्स त्या एकाच फाइलमध्ये येतात. मग ती फाइल दुसरीकडे इम्पोर्ट करून उघडून बघा. हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे कुलूपबंद पेटी, आत काय आहे ते देव जाणे.

विंडोजवर चाचणीसाठी पोर्टेबल आवृत्ती सोयीची पडते. ती आपला डेटा स्वतःच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे मूळ ॲपला धक्का लागत नाही. एकाच ॲपमध्ये वेगळा प्रोफाइल करूनही चाचणी होते आणि प्रत्येक प्रोफाइलचा डेटाबेसही वेगळा असतो. पण ॲप तेच, अपडेट झालेलं. चुकून मूळ प्रोफाइल उघडला की त्याचाही डेटाबेस बदलू शकतो.

आणि चाचणीचा प्रोफाइल खऱ्या सिंकला कधीही जोडू नका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली नोट ते इमानेइतबारे सगळीकडून पुसतं.

काय तपासायचं?

'ॲप उघडलं, छान चालतंय' ही चाचणी नव्हे. दोन चाचणी-प्रोफाइल एकाच रिकाम्या फोल्डरशी सिंक करा. एकाच लॅपटॉपवर दोन उपकरणांचं नाटक उभं राहतं. मग एकच नोट दोन्हीकडे वेगवेगळी बदला आणि दोन्हीकडे सिंक करा. अशा वेळी जॉप्लिन तुमच्याकडची प्रत 'कॉन्फ्लिक्ट्स' नावाच्या वेगळ्या वहीत ठेवतं. ती प्रत खरंच तिथे येते का, पूर्ण येते का, सोबतचा फोटो येतो का, हे बघा. लांबलचक नोट, शेकडो नोट्सची वही, नेट मध्येच तुटणं, हेही करून पाहा.

मराठी वापरणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट तपासावी, कारण ती दुसरं कुणी तपासण्याची शक्यता कमी आहे. 'ऱ्य' हे जोडाक्षर संगणकात एकाहून जास्त प्रकारे साठवता येतं. काही कीबोर्ड थेट 'ऱ' हे अक्षर देतात. काही 'र' आणि त्याखाली नुक्ता असं देतात. काही 'र', मग हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह घालतात. पडद्यावर साधारण सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी हे वेगवेगळे शब्द. मोबाईलवर लिहिलेलं 'दुसऱ्या' लॅपटॉपवर टाइप करून शोधलं, तर सापडेल का? नोट आहे पण मिळत नाही, म्हणजे हरवल्यासारखीच.

याची उलट बाजूही आहे. एखाद्या ॲपने ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकलं, तर 'आचाऱ्याला पैसे दिले' याचं 'आचार्याला पैसे दिले' होऊन बसेल. लग्नाच्या हिशेबात हा फरक लहान नाही! तेव्हा असे शब्द दोन-तीन कीबोर्डांनी लिहून शोधून बघा, सिंकनंतर पुन्हा वाचा, आणि पीडीएफ काढून जोडाक्षरं फुटतात का तेही पाहा.

चूक सापडली, आता?

'सर्च चालत नाही' एवढंच लिहिलं तर डेव्हलपरला त्याचं काहीच करता येत नाही. ॲपचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, कोणता एडिटर सुरू होता, कोणत्या पायऱ्यांनी चूक घडते, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे सगळं लिहा. तीच कृती जुन्या व्हर्जनमध्येही करून बघा. तिथे नीट चालत असेल तर नव्या बदलामुळेच काहीतरी मोडलंय आणि शोधाचं क्षेत्र खूपच आकसतं. चूक दाखवणारी दोन ओळींची नोट नव्याने तयार करून जोडा. खऱ्या नोटचा स्क्रीनशॉट नको. बँकेचे तपशील अशाच वाटेने बाहेर पडतात. लॉग फाइल देतानाही आधी एकदा नजर फिरवा.

आणि डॉक्युमेंटेशन?

प्रत्येक रिलीजसोबत बदलांची यादी येते. जॉप्लिनच्या यादीत ओळीच्या सुरुवातीलाच नवं, सुधारलेलं की दुरुस्त केलेलं ते लिहिलेलं असतं. पण यादी आणि मार्गदर्शिका यांत फरक आहे. २०२४ च्या ३.० व्हर्जनमध्ये कचरापेटी आली. यादीत ही एक ओळ. वापरणाऱ्यासाठी मात्र 'डिलीट' या शब्दाचा अर्थच बदलला, कारण त्याआधी पुसलेली नोट ठेवायला अशी पेटीच नव्हती. आता ती तिथे जाते आणि नेहमीच्या सेटिंगनुसार ९० दिवसांनी कायमची जाते. मग प्रश्न सुरू होतात. मुदत बदलता येते का? (येते.) अख्खी वही पुसली तर आतल्या नोट्सचं काय? फोनवर अजून जुनंच व्हर्जन असेल तर तिथे काय दिसेल? चांगलं डॉक्युमेंटेशन म्हणजे हे प्रश्न स्वतः करून पाहून दिलेली उत्तरं. म्हणूनच चाचणी करणाऱ्यानेच ते लिहिणं सोपं जातं. पायऱ्या त्याच्या हाताखालून नुकत्याच गेलेल्या असतात.

यासाठी कोडिंग यायला हवं असं नाही. जॉप्लिनची मार्गदर्शिका मार्कडाउनमध्येच आहे, गिटहबवर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. ॲपमधल्या मजकुराचे अनुवाद पीओ फाइल्समध्ये असतात आणि त्या पोएडिट या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडता येतात. एक जुना स्क्रीनशॉट, एक चुकलेलं मेन्यूचं नाव, इतकी लहान दुरुस्तीही पाठवता येते. फक्त पाठवण्याआधी ती कोणत्या व्हर्जनवर तपासली तेवढं लिहायला विसरू नका.