होडी जागेवर नाही

वल्ही आत घ्या. लाट होडीला वर उचलेल तेव्हाच कठडा धरून उडी मारा, नाहीतर दोन लाकडांच्या मध्ये पाय सापडेल. तुमच्या आधी वर चढला तो ऑलिव्हर डेव्हो, 'देई ग्रात्सिया' या जहाजाचा पहिला मेट. त्याच्याबरोबर आहे दुसरा मेट जॉन राइट. तारीख 4 डिसेंबर 1872, वेळ दुपारची. अझोर्स बेटं मागे राहिली आहेत, पोर्तुगालचा किनारा अजून पुष्कळ लांब आहे. चारी बाजूंना फक्त अटलांटिक.

या जहाजाला तुम्ही ओळखता. 'मेरी सेलेस्ट'. शाळेत असताना अद्भुत रहस्यांच्या एखाद्या पुस्तकात वाचलेलं असतं : निर्मनुष्य जहाज, टेबलावर अर्धवट खाल्लेली न्याहारी, कपांतून अजून वाफा निघणारा चहा. तो चहा बघायला तुम्ही धडपडत थेट कप्तानाच्या केबिनमध्ये उतरता.

तिथे चहा नाही. टेबलावर खाण्याची एक वस्तू नाही. स्वयंपाकाच्या खोलीत शेगडी थंडगार, शिजवलेलं अन्न कुठेच नाही. केबिनच्या खिडक्या बाहेरून कॅनव्हास आणि फळ्यांनी बंद केलेल्या, तरीही आत सगळं ओलं. कपडे ओले, गादी ओली. वास येतो तो चहाचा नाही, खाऱ्या दमट लाकडाचा.

कोपऱ्यात मेलोडियन आहे, आपल्या पायपेटीचं भावंड शोभेल असं वाद्य. ते कप्तान बेंजामिन ब्रिग्जची पत्नी सारा हिचं. पलंग आवरलेला नाही. डेव्हो थोडा वाकून बघतो आणि त्याला गादीवर एक छोटा खळगा दिसतो, लहान मूल निजून उठल्यासारखा. हे तो पुढे जिब्राल्टरच्या न्यायालयात शपथेवर सांगणार आहे. मूल म्हणजे सोफिया, दोन वर्षांची. तिचा सात वर्षांचा भाऊ आर्थर शाळेसाठी मॅसॅच्युसेट्समधल्या मॅरियन गावी आजीजवळ राहिलाय.

त्या खळग्याशी जरा थांबा. वाफाळत्या चहात हे मूल हरवून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता वर डेकवर चला. जहाजाची एकुलती एक होडी मधल्या झाकणावर आडवी बांधलेली असायची. ती जागा रिकामी आहे. शेजारच्या कठड्याचा एक तुकडा काढून डेकवर ठेवलेला आहे, तुटलेला नाही. म्हणजे होडी पाण्यात सोडायला कुणीतरी वाट मोकळी करून दिली. कप्तानाची केबिन पुन्हा आठवा : क्रोनोमीटर नाही, सेक्स्टंट नाही, जहाजाचे कागद नाहीत. खलाशांचे चिलमीचे पाइप मात्र राहिलेत, पावसाळी अंगरखेही राहिलेत. घाईत, पण जाणूनबुजून निघालेल्या माणसांची ही खूण आहे. दिशा आणि ठिकाण शोधायची साधनं त्यांनी आठवणीने उचलली.

हीच होडी 1884 साली कागदावर परत आली. इंग्लंडमधल्या साउथसी इथे दवाखाना चालवणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका डॉक्टरने 'कॉर्नहिल' मासिकात निनावी कथा लिहिली. तो आर्थर कॉनन डॉयल. त्याने जहाजाचं नाव 'मारी सेलेस्ट' केलं आणि होड्या जागच्या जागी टांगून ठेवल्या. कथाकाराला तेवढी मुभा असतेच. पण लोकांनी ती कथा हकिगत म्हणून वाचली, चुकीचं नाव रूढ झालं, नंतरच्या सांगणाऱ्यांनी त्यात गरम चहा ओतला. होडी जागेवर आहे म्हटल्यावर माणसं गेली कुठे? मग भुतं, समुद्री राक्षस, काय वाटेल ते शोधावं लागतं. होडी काढून घ्या आणि बघा : दहा माणसं शिल्लक राहतात, ज्यांनी एका सकाळी एक निर्णय घेतला.

कुठली सकाळ, ते केबिनमधल्या टेबलावरच्या पाटीवर लिहिलंय. 25 नोव्हेंबर, सकाळचे 8. अझोर्सपैकी सांता मारिया बेट सुमारे सहा मैलांवर. त्यानंतर पाटी कोरी. म्हणजे नऊ दिवस हे जहाज एकटं चालत आलंय, सुकाणू न बांधलेलं, दोन-तीन शिडं वाऱ्यावर.

त्या सकाळपर्यंत मागे जा. 7 नोव्हेंबरला न्यूयॉर्कहून निघालेलं हे गलबत इटलीतल्या जेनोआला चाललंय. पोटात औद्योगिक अल्कोहोलची 1701 पिंपं. गेले कित्येक दिवस समुद्र खवळलेला. दोनपैकी एक पंप उघडून ठेवलाय, त्याच्याजवळ डेकवर तळाचं पाणी मोजायची काठी पडलीय. ब्रिग्जच्या जागी उभे राहा. पाणी किती शिरलंय, याचा भरवसा वाटत नाही. या जहाजाने आधीच्या खेपेला कोळसा वाहिला होता. त्याच्या भुकटीने पंप तुंबला असावा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. दुसरा तर्क पिंपांचा. जेनोआत माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. ती जास्त सच्छिद्र लाकडाची, लाल ओकची होती. झिरपलेल्या अल्कोहोलची वाफ तळात कोंडली असेल, तर स्फोटाची भीती खरीच. पुढचं आणि मागचं झाकण उघडं सापडलं, ते वाफ जाऊ देण्यासाठी असेल.

यांतलं नेमकं काय घडलं, ते सिद्ध झालेलं नाही. मला एवढंच दिसतं : कप्तानाच्या पायांशी दोन वर्षांची मुलगी आहे आणि सहा मैलांवर जमीन दिसतेय. अशा वेळी धोका पत्करावा की होडी सोडावी? मुख्य शिडाचा एक दोर तुटून गेलेला डेव्होला दिसला. त्याच दोराने होडी जहाजामागे बांधून, धोका टळेपर्यंत लांब राहायचा त्यांचा बेत असावा, असा कयास आहे. वारा वाढला, दोर तुटला, की जहाज पुढे निघून जाणार आणि होडी मागे राहणार.

जिब्राल्टरला सरकारी वकील सॉली-फ्लड यांना हे साधं स्पष्टीकरण पटणार नाही. ब्रिग्जच्या पलंगाखाली सापडलेल्या तलवारीवर त्यांना रक्त दिसेल. रासायनिक तपासणीत ते रक्त नसल्याचं निघेल, तरी डेव्हो आणि त्याच्या सोबत्यांकडे संशयाने बघितलं जाईल.

पण ते नंतर. आत्ता डेव्हो तळातलं पाणी मोजतोय. साडेतीन फूट. या आकाराच्या जहाजाला एवढं पाणी म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. उघडलेला पंप तो पुन्हा जोडतो. तुम्हीही हात लावा, दांडा वर, दांडा खाली. पाणी डेकवरून वाहत समुद्रात जातं, तळ उघडा पडतो. मग डेव्हो आणि दोन खलाशी, एवढ्या तीनच माणसांच्या बळावर, वादळातून वाट काढत 'मेरी सेलेस्ट' 13 डिसेंबरला जिब्राल्टरच्या बंदरात शिरते.