मिल्फर्डचे वाटाडे

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात फ्योर्डलँड आहे. हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या, पुढे हिमनद्या वितळल्या आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला. उभ्या कड्यांमध्ये अडकलेल्या अशा चिंचोळ्या खाडीला फ्योर्ड म्हणतात. जगभरातून लोक इथे दोन गोष्टींसाठी येतात. एक म्हणजे मिल्फर्ड ट्रॅक ही साडेत्रेपन्न किलोमीटरची पायवाट, आणि दुसरी म्हणजे ती संपल्यावर मिल्फर्ड साउंड या खाडीतला जलप्रवास. वाटाड्यासह जायचे तर सहल पाच दिवसांची असते. ते आनाऊ सरोवर बोटीने ओलांडायचे, क्लिंटन नदीच्या दरीतून वर चढायचे, मॅकिनन खिंड ओलांडून आर्थर नदीच्या दरीत उतरायचे, सँडफ्लाय पॉइंटला पुन्हा बोटीत बसायचे आणि शेवटच्या दिवशी खाडी पाहायची. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या, दिशा ठरलेली, रोजची माणसेही मोजून ठरलेली.

सहलीची आखणी करणाऱ्याच्या हातात हे वेळापत्रक पडते तेव्हा ती निव्वळ सोयीची गोष्ट वाटते. पण त्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुठल्या तरी जुन्या व्यवहारातून किंवा भांडणातून आलेली आहे. ही वाट कोणी दाखवली, कोणाला दाखवली आणि त्याबद्दल दाखवणाऱ्याला काय मिळाले, असे विचारत गेले की या ‘निर्मनुष्य’ रानात बरीच माणसे भेटतात.

सर्वांत आधी भेटतात ते माओरी, त्यातही दक्षिण बेटावरचे नाई ताहू आणि त्यांच्या आधीच्या जमाती. त्यांच्या कथेप्रमाणे हा किनारा तू ते राकीफानोआ या देवतुल्य पुरुषाने वाशीने तासून घडवला. त्याने दक्षिणेकडून काम सुरू केले तेव्हा हात बसलेला नव्हता, म्हणून तिकडच्या खाड्या वेड्यावाकड्या आणि बेटांनी भरलेल्या राहिल्या. उत्तरेला येईतो हात सफाईदार झाला. मिल्फर्ड हे त्याचे सर्वांत नेटके काम. भूगोल समजावण्याची ही पद्धत फक्त शोभेची नाही. नावेतून किनाऱ्याने जाणाऱ्याला कोणत्या खाडीत बेटे आहेत आणि कोणती सरळ आत जाते, हे या कथेतून लक्षात राहते.

या लोकांना इथे आणणारी वस्तू होती पोउनामु, म्हणजे हिरवा दगड. धातू नसलेल्या समाजात वाशी, छिन्नी, शस्त्र आणि अलंकार यांसाठी या कठीण दगडाला तोड नव्हती. मिल्फर्डच्या खाडीजवळ त्याचा एक वेगळा प्रकार मिळतो. तो तुलनेने मऊ आणि उजेडाकडे धरला की पारदर्शक दिसणारा असतो. त्याचे नाव ताकीवाई, म्हणजे अश्रूंचे पाणी. त्यासाठी लोक किनाऱ्याने नावांतून येत आणि डोंगर ओलांडून पायीही येत. आजच्या सहलीच्या नकाशावरच्या दऱ्या आणि खिंडी त्यांना ठाऊक होत्या. कायमची मोठी वस्ती नव्हती, हे खरे. पण वस्ती नसणे आणि वावर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद पुढे पुसला गेला.

१८५३ साली इंग्रजी राजसत्तेच्या वतीने वॉल्टर मँटेल याने मुरिहिकूचा प्रदेश विकत घेतला. सुमारे सत्तर लाख एकर जमीन, किंमत २,६०० पौंड. फ्योर्डलँड या सौद्यात मोडते की नाही यावर वाद राहिला. आपण तो भाग दिलेलाच नाही, असे नाई ताहूंचे म्हणणे होते. सरकारी नकाशावर मात्र तो राजसत्तेच्या रंगात गेला.

युरोपीय लोक आधी आले ते समुद्राकडून, आणि बाहेरूनच बघून गेले. १७७० मध्ये जेम्स कुक एका खाडीच्या तोंडाशी आला. आत शिरलो तर बाहेर पडायला वारा मिळेल की नाही याची शंका वाटून तो पुढे निघून गेला. तिचे आजचे नाव डाउटफुल साउंड, म्हणजे शंकास्पद खाडी. १७७३ मध्ये दुसऱ्या सफरीत तो दक्षिणेकडच्या डस्की साउंडमध्ये काही आठवडे थांबला. त्यानंतर सीलची कातडी मिळवणारे शिकारी आले. त्यांच्यापैकीच जॉन ग्रोनो या वेल्सच्या खलाशाने एका खाडीला आपल्या मुलखातल्या मिल्फर्ड हेवनचे नाव दिले. १८५१ मध्ये किनाऱ्याचे सर्वेक्षण करणाऱ्या जॉन लॉर्ट स्टोक्सने त्याचे मिल्फर्ड साउंड केले. खरे तर साउंड म्हणजे नदीची दरी बुडून झालेली खाडी, आणि ही तर हिमनदीने कोरलेली. नाव चुकले ते चुकलेच. चूक लपवायची म्हणून की काय, पुढे सगळ्या प्रदेशालाच फ्योर्डलँड म्हणू लागले.

जमिनीवरून आत शिरायचे तर वाटाड्या लागे. ज्या वर्षी मुरिहिकूचा सौदा झाला त्याच वर्षी, १८५३ मध्ये, नॅथनिएल चामर्स नावाचा मेंढपाळ आतल्या भागात गवताळ जमीन शोधायला निघाला. त्याला नेणारा होता मातौरा नदीकाठचा माओरी प्रमुख रेको. ठरलेला मोबदला होता तीन पायांचे एक लोखंडी भांडे. रेकोने त्याला फ्योर्डलँडच्या पूर्वेकडच्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात नेले. वाटेत चामर्स आजारी पडला, तेव्हा रेको आणि त्याच्या सोबत्याने वनस्पतींच्या देठांचा तराफा बांधून त्याला नदीवाटे जिवंत परत आणले. आतला प्रदेश पाहणारा पहिला युरोपीय म्हणून चामर्सचे नाव इतिहासात गेले. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हेक्टर मिल्फर्डच्या उत्तरेला मार्टिन्स बे इथे पोचला. तिथे राहणाऱ्या तुतोको या प्रमुखाने त्याचे आतिथ्य केले. हेक्टरने मिल्फर्डजवळच्या, पुढे फ्योर्डलँडमधले सर्वांत उंच ठरलेल्या शिखराला तुतोकोचे नाव दिले. एकाला भांडे मिळाले, दुसऱ्याला शिखर. वाटेची मालकी दोघांपैकी कोणालाच मिळाली नाही.

पुढची दोन नावे प्रत्येक सहलीत ऐकू येतात. डॉनल्ड सदरलंड हा स्कॉटलंडचा शिपाईगडी १८७७ मध्ये मिल्फर्डच्या खाडीत येऊन राहिला आणि मरेपर्यंत, १९१९ पर्यंत, तिथेच राहिला. १८८० मध्ये तो आणि त्याचा सोबती जॉन मकाय आर्थरच्या दरीत वर गेले. वाटेत एक देखणा धबधबा लागला. त्याला कोणाचे नाव द्यायचे यासाठी दोघांनी नाणे उडवले, मकाय जिंकला. थोडे पुढे गेल्यावर त्याहून कितीतरी मोठा धबधबा दिसला, आणि तो साहजिकच सदरलंडच्या वाट्याला आला. सदरलंडने त्याची उंची मनसोक्त वाढवून सांगितली, इतकी की तो जगातला सर्वांत उंच धबधबा ठरावा. १८८८ मध्ये ओटागोचा मुख्य सर्वेक्षक चार्ल्स ॲडम्स याने मोजमाप केले तेव्हा आकडा आला १,९०४ फूट, म्हणजे ५८० मीटर. तीन टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा तरीही छाती दडपून टाकतो. पण मोजणीने प्रसिद्धी कमी झाली नाही. उलट तिथपर्यंत जमिनीवरून पोचायचे कसे, हा प्रश्न सरकारी झाला.

त्याचे उत्तर क्विंटिन मॅकिननने दिले. सर्वेक्षण खात्याच्या पैशावर तो आणि अर्नेस्ट मिचेल ते आनाऊ सरोवराच्या बाजूने क्लिंटनच्या दरीत झाडी तोडत वर गेले. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी खिंड ओलांडली आणि पलीकडून समुद्रमार्गे आलेल्या ॲडम्सच्या तुकडीला जाऊन मिळाले. खिंडीला मॅकिननचे नाव मिळाले. त्यानंतर तो या वाटेचा पहिला वाटाड्या झाला. प्रवाशांना नेणे, त्यांचे ओझे वाहणे, रात्री त्यांना खाऊ घालणे हे सगळे तोच करी. चरबीत तळलेले त्याचे पोंपोलोना नावाचे जाड पोळे इतके आठवणीत राहिले, की एका मुक्कामाच्या जागेला आजही तेच नाव आहे. सहलीचा माणूस तिथे गरम पाण्याने आंघोळ करून टेबलावर जेवतो. ज्याच्या पोळ्यांचे हे नाव, तो मॅकिनन १८९२ मध्ये ते आनाऊ सरोवरात आपल्या छोट्या शिडाच्या बोटीसह नाहीसा झाला. बोट सापडली, तो सापडला नाही. वाट दाखवण्याच्या धंद्यात त्याने पैसा केला असेही नाही.

पैसा दिसला सरकारला. १९०१ मध्ये न्यूझीलंडने पर्यटनासाठी स्वतंत्र सरकारी खाते काढले. असे खाते काढणारा तो पहिला देश मानला जातो. थोड्याच वर्षांत मिल्फर्डची वाट, निवारे आणि वाटाडे या खात्याच्या हातात आले. आणि मग १९०८ मध्ये एका मासिकी लेखाने वाटेचे नशीब बदलले. ब्लांश बॉन ही इंग्लंडमध्ये जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेली कवयित्री. तिने मिल्फर्डच्या पदभ्रमणावर लेख लिहून लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ला पाठवला. तिचा मथळा होता ‘एक उल्लेखनीय वाट’. संपादकाने छापताना तो बदलून ‘जगातली सर्वांत सुंदर वाट’ असा केला. लेखिका ती वाट चालून आली होती आणि तिने मोजून-मापून विशेषण वापरले होते. संपादक लंडनमध्ये बसला होता आणि त्याने सर्वश्रेष्ठपद बहाल केले. सव्वाशे वर्षे होत आली, पण जाहिरातींत संपादकाचाच शब्द चालतो.

तरी तेव्हा पोचणे कठीण होते. खाडी पाहायची तर १८७० च्या दशकापासून आगबोटींच्या सफरी होत्या. पायी येणाऱ्याला मात्र बहुधा आल्या वाटेने, खिंड पुन्हा चढून, परत जावे लागे. मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून मिल्फर्डचा रस्ता सुरू झाला. १९३५ मध्ये पाच माणसे टिकाव, फावडे आणि हातगाड्या घेऊन होमर बोगद्याला भिडली. हिवाळ्यात तंबूंवर सूर्य पडत नसे, वरून हिमलोट येत. त्यांत तीन माणसे मेली. मध्ये युद्धामुळे खंड पडला आणि सव्वा किलोमीटर लांबीचा बोगदा १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तेव्हापासून मिल्फर्ड एका दिवसात पाहून परतण्याची जागा झाली. आज खाडीत फिरणाऱ्या बहुतेकांनी ती पायवाट पाहिलेलीही नसते.

वाट मात्र सरकारी यंत्रणेच्या ताब्यात होती आणि ती व्यवस्थेच्या शुल्काशिवाय चालता येत नसे. देशातल्या गिर्यारोहण मंडळांना हे खुपू लागले. राष्ट्रीय उद्यान लोकांचे, मग त्यातून चालायला वाटाड्या घेण्याची आणि त्याच्या निवाऱ्यात झोपण्याची सक्ती का? १९६४ मध्ये ओटागो ट्रॅम्पिंग क्लबचे सदस्य आपले ओझे आपल्याच पाठीवर घेऊन, परवानगीची पर्वा न करता या वाटेने चालून गेले. परिणाम असा झाला, की स्वतंत्र चालणाऱ्यांसाठी वेगळे निवारे बांधले गेले. आज एकाच वाटेवर दोन समांतर मुक्काम-व्यवस्था दिसतात. हंगामात रोज ४० स्वतंत्र आणि वाटाड्यासह जाणारे ५० जण सोडले जातात. सर्वांनी एकाच दिशेने चालायचे, वाटेत तंबू ठोकायचा नाही. आरक्षणाच्या तक्त्यातले दोन रकाने ही १९६४ च्या त्या चालण्याची खूण आहे.

शेजारच्या डाउटफुल साउंडची गोष्ट आणखी उलटी. मानापौरी सरोवराचे पाणी बोगद्यांतून फ्योर्डकडे सोडून वीज करायची, ती ॲल्युमिनियम कारखान्याला द्यायची, आणि त्यासाठी सरोवराची पातळी उंचवायची अशी योजना १९६० च्या दशकात पुढे आली. किनाऱ्याचे जंगल बुडणार होते. १९७० मध्ये याविरुद्ध २,६४,९०७ सह्यांचा अर्ज संसदेत गेला. तेव्हा देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आतच होती. १९७२ मध्ये सरकार बदलले आणि पातळी वाढवायची नाही असे ठरले. वीजकेंद्र मात्र उभे राहिलेच. त्याची अवजड यंत्रे नेण्यासाठी डोंगरातून जो रस्ता काढला, त्याच रस्त्याने आज बसेस प्रवाशांना डाउटफुलच्या जलप्रवासाला नेतात. रानातल्या शांततेपर्यंत पोचवणारा रस्ता टर्बाइनसाठी खोदला होता, हे त्या शांततेत सहसा कोणी आठवत नाही.

१९९० मध्ये फ्योर्डलँड ज्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट झाले, त्याचे नाव ते वाहिपोउनामु, म्हणजे पोउनामुची जागा. १९९८ मध्ये नाई ताहूंशी झालेल्या समझोत्यानंतर राजसत्तेने त्यांची माफी मागितली. पोउनामुची मालकी त्याआधीच, १९९७ मध्ये, त्यांना परत मिळाली होती. तुतोको शिखराचे त्यांच्याशी असलेले नाते कायद्यात नोंदले गेले. खाडीचे अधिकृत नावही आता जोडनाव आहे: मिल्फर्ड साउंड / पिओपिओताही. पिओपिओताही म्हणजे एकटा पिओपिओ पक्षी. माउई मरण पावला तेव्हा त्याच्या शोकात हा पक्षी इथे उडून आला, असे सांगतात. नाव परत आले, पण तो पक्षी आता कुठेच उरलेला नाही. युरोपीयांसोबत आलेल्या उंदीर-मांजरांनी त्याचा निकाल लावला.

पायवाट जिथे संपते त्या सँडफ्लाय पॉइंटला चावऱ्या माश्यांचे थवे असतात. प्रवासी त्यांना शिव्या देत बोटीची वाट पाहतात. माओरी कथेत या माश्यांचेही कारण आहे. तू ते राकीफानोआने घडवलेली खाडी इतकी सुंदर झाली, की मृत्यूची देवी हिने नुई ते पो हिला भीती वाटली. माणसे हे पाहून इथून हलायचीच नाहीत. म्हणून तिने नामु, म्हणजे या माश्या, मोकळ्या सोडल्या. या, पाहा आणि निघा, असा तिचा नियम. रोजच्या नव्वद माणसांचा सरकारी नियम पुष्कळ नंतर आला. आरक्षण करणाऱ्याने दोन्ही ध्यानात ठेवावेत.